सूनबाईंचें पदवीशिक्षण आणि घरांतील तास

जून-जुलै महिने आले कीं विद्यापीठांच्या प्रवेशाच्या जाहिराती वृत्तपत्रांत झळकूं लागतात, आणि त्याबरोबर आमच्याकडे एका ठराविक प्रकारचीं पत्रें येऊं लागतात. लिहिणाऱ्या भगिनीचें वय तीस ते चाळीस. लग्नाच्या गडबडींत बी.ए.चें दुसरें वर्ष सुटलेलें किंवा बारावीनंतर शिक्षणच थांबलेलें; पदरीं दोन मुलें, पैकीं धाकटें अजून बालवाडींत. पूर्वीं या पत्रांत एक वाक्य हटकून असे: "घरच्यांचा विरोध आहे, काय करावें?" अलीकडे तें वाक्य बदललें आहे. आतां लिहिलेलें असतें: "घरच्यांची ना नाहीं. सासूबाई तर स्वतःच म्हणतात, शीक. तरी जमेल कीं नाहीं याची भीति वाटते."

हा बदल आनंदाचा खराच. परंतु या दुसऱ्या वाक्यांतील भीति आम्हांस अधिक विचार करण्याजोगी वाटते. विरोध असतो तेव्हां तो डोळ्यांना दिसतो, त्याच्याशीं दोन शब्द बोलतां येतात. संमति असून गाडें अडतें, तेव्हां तें कशापाशीं अडलें हेंच घरांत कोणास कळत नाहीं, आणि दोष अखेर शिकणारणीच्या माथीं येतो. "आम्हीं कोठें अडविलें? तिलाच झेपलें नाहीं," हे उद्गार आम्हीं चांगल्या सुशिक्षित घरांतून ऐकले आहेत. आमच्या मतें अशा घरीं परवानगी दिलेली असते, तास दिलेले नसतात.

किती तास, याचा हिशेब आतां उघड आहे. २०२३ सालीं आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यांत एका श्रेयांकाला (मुलें ज्याला सर्रास 'क्रेडिट' म्हणतात) ३० तासांचा अभ्यास धरला आहे. वर्षाला ४० श्रेयांक, म्हणजे १२०० तास. व्याख्यानें, वाचन, स्वाध्याय, परीक्षेची तयारी, सर्व त्यांत आलें. वर्षाचे ३६५ दिवस एकहि खाडा न करतां बसलें तरी रोजचे सव्वातीन तास होतात. परंतु लहान मूल असलेल्या घरांत ३६५ दिवस कोण मोजील? गणपति, दिवाळी, कोणाची मुंज, धाकट्याचा ताप, थोरलीचें गॅदरिंग, आले-गेले पाहुणे, इतकें वजा घातल्यावर ३०० दिवस हातीं लागले तरी पुष्कळ म्हणावयाचे. म्हणजे रोजचे चार तास.

हे चार तास येणार कोठून? केंद्र सरकारनें २०१९ सालीं देशांतील लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं दिवसाला सरासरी २९९ मिनिटें त्यांत जात होतीं. जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीं ९७. २०२४ च्या पाहणींत हे आंकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांचीं दहा मिनिटें वांचलीं आणि पुरुषांचींहि नऊ वांचलीं. म्हणजे यंत्रांनीं जें काय हलकें केलें तें दोघांनीं जवळजवळ सारखें वांटून घेतलें, मूळची वांटणी होती तशीच राहिली! शिवाय मुलांचें करणें, त्यांना न्हाऊं-माखूं घालणें, त्यांचा अभ्यास घेणें हें या मिनिटांत धरलेलें नाहीं. त्याचा रकाना निराळा आहे. पांच तासांचें घरकाम, त्यावर मुलें, आणि त्यावर चार तासांचें विद्यापीठ. हें गणित ज्यांना सुटत असेल त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावें.

व्यवहारांत तें बहुधा झोपेंतून सोडविलें जातें. "पहाटे उठून अभ्यास करावा, ब्राह्ममुहूर्तावरचें वाचलेलें लक्षांत राहतें," हा उपदेश आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, आणि सोळा वर्षांच्या मुलाला तो चांगलाच आहे. पण जी बाई रात्रीं दोनदां लेकराला उठली आहे, तिला तो करणें म्हणजे निर्दयपणा होय. सहा महिने ती तसें करते, सातव्या महिन्यांत आजारी पडते, आणि मग घरांत म्हणतात कीं अभ्यास प्रकृतीला मानवला नाहीं.

झोपेंतून नाहीं निघाले तर ते तास सासूबाईंच्या दिवसांतून काढले जातात. एकत्र कुटुंबाचा हा मोठा आधार आहे आणि त्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. विभक्त घरांतल्या आया त्यासाठीं तरसतात. तथापि येथें एक गोष्ट स्पष्ट बोलावीशी वाटते. पासष्टीच्या बाईचे तास फुकटचे नसतात. तिच्या गुडघ्यांनीं तीस-चाळीस वर्षें या घराचे जिने चढले आहेत. सून शिकते म्हणून तिनें पुन्हा तीन वर्षांच्या नातवामागें धांवावें आणि मुलगा मात्र पूर्ववत् संध्याकाळीं चहा घेऊन मोबाईल उघडून बसावा, ही व्यवस्था दोन बायकांनीं आपसांत ओझें बदलून घेण्याची झाली. ती फार दिवस टिकत नाहीं; आधीं सासूबाई थकतात, मग त्या कुरकुरतात, आणि सून अपराध्यासारखी पुस्तक मिटते. पहिले दोन तास नवऱ्याच्या दिवसांतून निघावे. संध्याकाळीं सात ते नऊ मुलांचें जेवण, अंथरुण आणि पाढे हें त्याचें काम ठरलें, तर आजीच्या वांट्याला गोष्ट सांगण्याएवढेंच राहतें आणि तें तिला आवडतेंहि.

येथें आमच्याच परंपरेंतला एक दाखला आहे. न्यायमूर्ति रानड्यांचा रमाबाईंशीं विवाह १८७३ सालीं झाला, तेव्हां त्यांना अक्षरओळखहि नव्हती. घरांतल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा शिक्षणाला विरोध किती तिखट होता तें रमाबाईंनींच आपल्या १९१० सालच्या आठवणींत लिहून ठेवलें आहे. हें वाचतांना बहुतेकांचें लक्ष त्या विरोधाकडे जातें. आमचें लक्ष दुसरीकडे जातें: न्यायाधीशाचें काम, सभा, सार्वजनिक कार्यें यांतून वेळ काढून माधवराव स्वतः पत्नीला शिकवीत. त्यांनीं संमति देऊन हात झटकले नाहींत, आपल्या दिवसाचा तुकडा दिला.

रमाबाई रानड्यांना मूल नव्हतें, हें कोणी म्हणेल. तर मग पंडिता रमाबाईंचें पाहावें. त्यांच्या धर्मांतराविषयीं आपल्या घरांतून जें बोललें गेलें तो विषय निराळा. आज आम्ही एका तरुण विधवा आईकडे पाहत आहों. १८८३ सालीं दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडास गेल्या. पुढें चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत असतां ती मुलगी बराच काळ वाँटेजच्या जोगिणींच्या मठांत वाढली. एवढ्या बुद्धीच्या बाईलाहि, कोणीतरी मूल संभाळल्याखेरीज पुस्तक उघडतां आलें नाहीं. मग साध्या बुद्धीच्या आपल्या सुनेनें तें कसें साधावें?

आतां कॉलेज कीं मुक्त विद्यापीठ, हा प्रश्न प्रत्येक पत्रांत असतो. नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून हें काम करीत आहेत. नाशिकच्या विद्यापीठांत मराठींतून पदवी घेतां येते, आणि दहा-बारा वर्षें इंग्रजी पुस्तकाला हात न लावलेल्या भगिनींना हा मोठा दिलासा आहे. मातृभाषेंतून उच्च शिक्षण हा महर्षि कर्व्यांचा १९१६ सालच्या महिला विद्यापीठाचा पायाच होता. त्या पदवीला 'गृहीतागमा' असें भारदस्त नांव होतें. ज्यांची बारावीच राहिली आहे त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देतां येते. वयाला वरची मर्यादा नाहीं, आणि पांच वर्षांत नऊ संधि मिळतात.

मात्र मुक्त शिक्षणाची एक अडचण माहितीपत्रकांत छापलेली नसते. कॉलेजांत जाणारी सून दहा वाजतां पायांत चपला घालते आणि दोन वाजेपर्यंत ती घरांत नसते, हें सर्वांना मान्य होतें. घरीं बसून शिकणारी सून मात्र घरांतच असते! दाराची घंटा वाजली, गॅसवाला आला, मामंजींचा चष्मा सांपडेना, शाळेची गाडी चुकली, कीं हांक तिलाच. एका पानावर ती चारदां परत येते. म्हणून आमची सूचना अशी कीं घरीं शिकणाऱ्या बाईनेंहि शिकण्यासाठीं घराबाहेर जावें. ग्रंथालयाची खोली, गल्लीतली अभ्यासिका, माहेर जवळ असल्यास तेथील माडी, कांहींहि चालेल. अभ्यासिकेंत विशीतल्या मुलांच्या शेजारीं बसावयाला पहिला आठवडा संकोच वाटतो. पुढें तीं मुलें 'काकू, जागा धरून ठेवूं का?' म्हणून विचारूं लागतात.

दुसरी गोष्ट, घाई करूं नये. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठांत तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करण्याची मुभा आहे. वरचाच हिशेब घ्या: ३६०० तास सहा वर्षांत पसरले तर ३०० दिवसांच्या वर्षांत रोजचे दोन तास होतात. दोन तास घरांत सांपडतात. चार सांपडत नाहींत. २०२१ पासून श्रेयांकांची पेढी सुरू झाली आहे, तींत मिळविलेले श्रेयांक सात वर्षें जमा राहूं शकतात, तेव्हां मध्यें एखादें बाळंतपण किंवा आजारपण आलें तरी केलेलें सर्व पाण्यांत जात नाहीं. "सहा वर्षें?" म्हणून घरांत धसका बसतो खरा. पण आम्हीं पाहिलें आहे कीं तीन वर्षांचा हट्ट धरलेल्या बायका दुसऱ्याच वर्षीं सोडून देतात.

परीक्षा तेथें जून आणि डिसेंबरांत असतात. स्वाध्यायांना ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के महत्त्व असतें, आणि स्वाध्याय वेळेवर गेले पाहिजेत. आतां जूनमध्यें मुलांच्या शाळा उघडतात, वह्या-पुस्तकें, गणवेश, आणि बहुधा वटपौर्णिमाहि त्याच सुमारास. डिसेंबरांत मार्गशीर्षाचे गुरुवार. तेव्हां पंचांग आणि परीक्षेचें वेळापत्रक शेजारीं ठेवून आधींच ठरवावें कीं त्या वर्षीं उद्यापनाचा घाट नको, गुरुवारची पूजा जाऊबाईंनीं करावी, अनारसे विकत आणावे. विकतच्या अनारशांनीं कुलाचार बुडत नाहीं असें आमचें नम्र मत आहे. ज्यांचें तसें नसेल त्यांच्या घरीं पुरुषमंडळींनीं घरचे अनारसे तळण्यास हरकत नसावी.

ज्या भगिनींना वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, कायदा किंवा अभियांत्रिकी शिकावयाचें आहे त्यांना घरीं बसून पदवी मिळत नाहीं; वर्गांत गेलेंच पाहिजे, आणि तेथें मुलाची सोय हा खरा अडसर आहे. २०१७ सालीं कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली, पण ती नोकरी करणाऱ्या आईसाठीं. फी भरून शिकणाऱ्या आईचा त्यावर हक्क पोंचत नाहीं. पीएच्.डी. करणाऱ्या स्त्रियांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनीं २४० दिवसांची प्रसूति किंवा बालसंगोपन रजा एकदां मिळूं शकते आणि मुदतींत दोन वर्षांची वाढहि. पहिल्या पदवीच्या विद्यार्थिनीचें मूल त्याहून कमी रडतें असें आयोगास वाटतें कीं काय न कळे.

बी.एड.विषयीं आलेल्या तीन पत्रांना येथें थोडक्यांत उत्तर: मुक्त पद्धतीची बी.एड. ही आधींच शिक्षकाचें काम करणाऱ्यांसाठीं आहे. घरीं असलेल्या पदवीधर भगिनीनें त्या जाहिरातींवर पैसे भरण्यापूर्वीं पात्रतेचें कलम वाचावें. नियमित बी.एड.च्या प्रवेशपरीक्षेची माहिती पुढील अंकीं देऊं.