शेजाऱ्याचे काम आणि कामाचे दाम

आपल्या घरांतून मुलांना व्यवहाराच्या पुष्कळ गोष्टी शिकविल्या जातात. परंतु आपल्या श्रमाचे दाम आपल्या तोंडाने कसे सांगावे, हे सहसा कोणी शिकवीत नाही. नोकरीचा पगार ठरल्या दिवशी येतो, तो मागावा लागत नाही. वकील व डॉक्टर यांच्या मोबदल्यास 'फी' म्हटले की त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. मात्र त्याच घरातील एखादा मुलगा हाताने करावयाचे काम करू लागला, आणि पहिलेच काम शेजाऱ्याचे निघाले, म्हणजे मुलापासून आजोबांपर्यंत सारे घर अडखळते.

हदगावासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. नांदेडहून उमरखेड-यवतमाळमार्गे नागपूरकडे जाणारा राजमार्ग येथूनच जातो, आणि गावात मोटारीही वाढल्या आहेत. समजा, एखाद्या पदवीधर मुलाने मोटार आतून-बाहेरून स्वच्छ करून तिला पूर्वीची चकाकी आणण्याचे, ज्याला हल्ली 'डिटेलिंग' म्हणतात ते, काम शिकून घेतले. शेजारचे काका म्हणतात, "अरे, आमची गाडी एकदा नीट करून दे. काय घेशील?" मुलगा उत्तर देतो, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या, काका." घरच्यांना हे उत्तर विनयाचे वाटते. आमच्या मते यापेक्षा गैरसोयीचे उत्तर दुसरे नाही.

कारण या उत्तराने मुलाचा संकोच नाहीसा होत नाही. तो काकांच्या पदरी पडतो. बिचाऱ्या काकांना या कामाचा दर ठाऊक नसतो. कमी दिले तर मुलगा मनात खट्टू होणार, जास्त दिले तर घरी काकू विचारणार. शेवटी काहीतरी हातावर ठेवले जाते आणि दोन्ही घरांत एक लहानशी अढी राहते. पुढच्या वेळी काका गाडी दुसरीकडे नेतात आणि मुलगा म्हणतो, "बघा, शेजारी कसे असतात!" 'भीड ही भिकेची बहीण' असे आपले पूर्वज म्हणून गेले, ती शेजारधर्माचीही वैरीण आहे, एवढेच आम्ही त्यात जोडतो.

कोणी म्हणेल, पूर्वी खेड्यात पैशाची भाषा कोठे होती? सुतार-लोहार शेजाऱ्यांचे काम करीतच होते! होते खरे, पण ते फुकट नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे १९१५ सालचे पुस्तक पाहावे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी होत्या आणि सुगीला कोणाच्या वाट्याला किती यावे, हे रूढीने ठरलेले होते. दर होता, तो रूढी बोलत असे, म्हणून माणसांना बोलावा लागत नसे. या मौनाची किंमत कोणी भरली, हेही विसरता येत नाही. ज्याला काम नाकारण्याची मुभा नाही आणि मोबदला वाढवून मागण्याचीही नाही, त्याच्या गोडव्याला काय अर्थ? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनी महारांचे काम कोणते आणि त्याचा मोबदला किती, हे निश्चित व्हावे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. गावकीची कनिष्ठ वतने मुंबई राज्यात रद्द करणारा कायदा व्हावयास पुढे १९५८ साल उजाडले. तात्पर्य, दर न बोलण्यात जो मोठेपणा आपणांस वाटतो, तो बहुधा घेणाऱ्याचा असतो, करणाऱ्याचा नव्हे.

आता दर ठरवावा कसा? पाटी-पेन्सिल घेऊन बसावे. उदाहरणादाखल आकडे धरू. प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. शांपू, पॉलिश, मेण व फडकी यांचे ३०० रुपये. पाणी व वीज ६० रुपये. १८,००० रुपयांची यंत्रसामग्री १५० मोटारींत झिजणार असे धरले, तर दर मोटारीमागे १२० रुपये. येथवर ४८० रुपये झाले, आणि मुलाच्या हाती अजून एक पैही आलेली नाही. कामास सहा तास लागतात. ताशी १०० रुपये धरले तर मजुरी ६०० रुपये. एकूण १,०८०. एखादे फडके फाटते, एखादे काम पुन्हा करावे लागते, त्याकरिता सुमारे दहावा हिस्सा मिळविला म्हणजे दर १,२०० रुपयांवर येतो. हाच मुलगा भिडेखातर "पाचशे द्या" म्हणाला, तर सहा तासांच्या श्रमाचे त्याला वीस रुपये मिळाले! पदरच्या पैशाने शेजाऱ्याची गाडी धुऊन देण्याच्या हे अगदी जवळ आले.

शिवाय या दरात नुसते हातांचे श्रम नसतात, जाणतेपणाही असतो. आपल्याकडची काळी माती घ्या. ती चिकण असते. वाळली की पत्र्याला धरून बसते, आणि सुकी घासली तर तिच्यातील बारीक खर रंगावर ओरखडे काढते. ती आधी भिजू द्यावी, झोताने सोडवावी आणि मगच फडके लावावे. या भागात हळदीचे पीक मोठे. गादीवर हळद सांडली असता घाईने साबण लावला, तर क्षाराने डाग लाल होतो. उलट हळदीचा रंग उन्हाने विटतो, हे जाणणारा मनुष्य आधी कोरडी पूड शोषून घेतो आणि उरलेल्या डागास ऊन देतो. विंधनविहिरीचे पाणी जड असेल, तर गाडी उन्हात वाळू दिल्यास पांढरे ठिपके उमटतात. म्हणून ती सावलीत धुऊन लगेच टिपावी लागते. गाडीचा रंग राखणे किंवा बिघडविणे या जाणतेपणावर अवलंबून असते, आणि त्याचे मोल मागण्यात लाजण्यासारखे काही नाही.

शेजाऱ्याला सूट द्यावी की नाही? अवश्य द्यावी, पण ती कशातून द्यावी, याचे भान ठेवावे. सामानाचे ४८० रुपये हे दुकानदाराचे व वीज कंपनीचे; त्यांत उदार होण्याचा आपणांस अधिकार नाही. सूट द्यावयाची ती आपल्या मजुरीतून व नफ्यातून. आणि ती झाकून न देता बोलून द्यावी. "काका, या कामाचा माझा दर बाराशे आहे. तुमच्याकडून मी एक हजार पन्नास घेईन. गाडी उद्या सकाळी सातला द्या, दुपारी दोनपर्यंत मिळेल." एवढी तीन वाक्ये पुरेत. यात काकांना खरा दर कळतो, आपला मान राखला गेला हेही कळते, आणि त्यांनी दुसऱ्या कोणास पाठविले तर तो मनुष्य १,०५० चा हट्ट धरीत नाही. काम सुरू होण्यापूर्वी दोघांनी मिळून गाडी उजेडात पाहावी आणि आधीचे ओरखडे टिपून ठेवावेत. म्हणजे मागाहून "हा आधी नव्हता" असा प्रश्न उरत नाही.

एकत्र कुटुंबात आणखी एक गाठ असते. पाणी व वीज घराची, यंत्र कदाचित वडिलांनी घेऊन दिलेले, श्रम मात्र एकट्या मुलाचे. येथे १९३० साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नाने झालेला विद्याधनाचा कायदा आठवतो. शिक्षणाचा खर्च एकत्र कुटुंबाने केला, एवढ्याच कारणाने त्या विद्येच्या बळावर मिळविलेले धन कुटुंबाचे ठरत नाही, असे त्याने सांगितले. आणि 'विद्या' या शब्दात धंद्याचे शिक्षणही घेतले. घरात कायदा काढून भांडावे असे आम्ही सुचवीत नाही. पण त्यामागील न्याय घेण्याजोगा आहे. पाण्याविजेचे पैसे मुलाने महिन्याच्या महिन्याला घरखर्चात भरावेत, यंत्राचा हप्ता वडिलांना द्यावा, आणि उरलेली मजुरी ही त्याची, हे वडीलधाऱ्यांनी मोकळेपणाने मान्य करावे. "घरचाच मुलगा, पैसे कसले घेतोस?" हे वाक्य तर कोणी शेजाऱ्यासमोर उच्चारूच नये. ते बोलणारा दुसऱ्याच्या खिशातून दान करीत असतो.

काम देणाऱ्या शेजाऱ्याचाही धर्म आहे. दर आधी विचारावा, पटला नाही तर सरळ तसे सांगावे, आणि पटला तर काम झाल्याबरोबर पैसे द्यावेत. "सवडीने देतो" म्हणू नये. मुलगा लहानपणी आपल्या अंगणात खेळला, ही दर कमी करून घेण्याची सबब नव्हे. उलट त्याचा धंदा उभा राहावा म्हणून पहिले काम पूर्ण दराने देणारा शेजारी त्याला जे देतो, त्याची बरोबरी कोणतीही शिफारसपत्रे करू शकणार नाहीत.

पदवी घेतलेला मुलगा बादली-फडके हाती घेतो, यात ज्यांना खाली पाहण्यासारखे वाटते, त्यांनी एवढेच मनाशी विचारावे : त्याचे दाम चोख सांगणे आपणांस खटकते, की त्याचे काम? दामाचा संकोच हिशेबाने सुटतो, तो वर मांडलाच आहे. कामाचा संकोच असेल तर तो आपला आहे. त्याचा भुर्दंड मुलाने भरावा, हे न्यायाचे नाही.