गाइड आणि आम्ही

विद्यार्थ्यांच्या हाती गाइड दिसले की आम्ही रागावतो; मूळ पुस्तक वाचा, असे बजावतो. कोलकात्यात मात्र आम्हीच पैसे मोजून अर्ध्या दिवसासाठी एक खाजगी मार्गदर्शक नेमला. जोडासाँकोची ठाकूरबाडी, तेथे १८६१ साली झालेला रवींद्रनाथांचा जन्म व १९४१ मधील मृत्यू, १८१७ च्या हिंदू कॉलेजातून वाढलेले प्रेसिडेन्सी, त्यासमोरचे कॉफी हाउस, सारे त्याने पायी हिंडवत नेमके सांगितले. त्याच्यावाचून त्या भिंती आम्हांला मुक्याच राहिल्या असत्या, हे मान्य केले पाहिजे.

पण कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी आम्ही रेंगाळलो, तेव्हा त्याने घड्याळ पाहिले. आम्ही निमूट पुढे निघालो आणि वर्गातले आमचेच रूप आम्हांला दिसले. कवितेच्या एखाद्या ओळीपाशी विद्यार्थी थबकतो, तेव्हा अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत आम्हीही असेच घड्याळ पाहतो.

दोष मार्गदर्शकाचा नाही, भाष्य हवेच. परंतु भाष्य संपल्यावर त्याच वाटेने पुन्हा एकट्याने चालणे, प्रसंगी वाट चुकणे, हेच वाचन. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या ढिगापाशी परत गेलो. विद्यार्थ्यांना असा दुसरा दिवस आम्ही कधी देतो का?