गुणांची फ्रेंच, पोटापाण्याची जर्मन

जून उजाडला की पुण्या-मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या अनेक घरांत एकच खल चालतो. मुलाने आठवीला संस्कृत घ्यावे, हिंदी ठेवावी, की फ्रेंच-जर्मन? त्या भाषेत त्याला काय वाचायचे आहे, कोणाशी बोलायचे आहे, हा विषय सहसा निघत नाही. शेजारच्या ताईला कशात किती पडले, कोणाचा क्लास जवळ आहे आणि कोणता पेपर जास्त ‘स्कोअरिंग’, एवढ्यावर निकाल लागतो. संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात हे मराठी पालक कधीपासून जाणून आहेत. फ्रेंच आणि जर्मन त्याच रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

पालकांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण परीक्षाच तशी आहे. लेखी पेपरात उताऱ्यावरचे प्रश्न, रिकाम्या जागा, क्रियापदाची रूपे आणि ठरावीक विषयांवरची पत्रे. तोंडी परीक्षेचे गुण शाळेतच दिले जातात आणि तिथे हात आखडता घेण्याची पद्धत नाही. मग दहावीला नव्वदच्या वर गुण मिळवलेली मुलगी पुढे जर्मनीला जायचे ठरवून बाहेरच्या वर्गात नाव घालते, आणि पुन्हा ए-१ या पहिल्या पातळीपासून, म्हणजे ‘माझे नाव अमुक’पासून सुरुवात करते.

खरे तर वेळ पुरेसा असतो. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेच्या अंदाजानुसार बी-१ ही मधली पातळी गाठायला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. आठवड्याला चार तासिका आणि वर्षाचे ३५ आठवडे धरले, तर आठवी ते दहावीत ४२० तासिका होतात. निम्म्या मुलांनी जरी त्यातून बी-१चा उंबरठा गाठला तरी शाळेचे नाव होईल. पण बी-१च्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चारही भागांत स्वतंत्रपणे १०० पैकी ६० गुण लागतात. आपल्याकडे वर्गात पन्नास मुले, आणि परदेशी भाषा कानावर पडते ती बाईंच्या तोंडून, तीही धडा वाचताना.

मराठी मुलांना तर जर्मनचे एक अंग आयते मिळालेले आहे. इंग्रजीत नामाला लिंग नाही, हिंदीत आणि फ्रेंचमध्ये दोनच. मराठी आणि जर्मन दोघींतही तीन. तो-ती-ते म्हणत वाढलेल्या मुलाला जर्मन नामांआधी लिंगानुसार येणाऱ्या डेर-डी-दासची भीती का वाटावी? (जर्मनमध्ये ‘मुलगी’ नपुंसकलिंगी आहे म्हटल्यावर वर्गात हशा पिकतो, आपले ‘पोरगं’ तरी कुठे वेगळे आहे?) कोणते नाम कोणत्या लिंगाचे हे पाठच करावे लागते, पण मुळात ही भानगड काय आहे ते समजावून सांगावे लागत नाही.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार कुशल तरुण पाठवायचे ठरले: परिचारिका, वीजतंत्री, नळजोडणी करणारे, चालक, हॉटेलातले आचारी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. या वाटेवर सगळ्यात मोठा अडसर भाषेचा. रुग्णाला कुठे दुखते ते समजत नसेल, तर परिचारिकेची पदवी तिथे निरुपयोगी ठरते. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला साधारण बी-२ पातळी लागते. केरळने हे आधी ओळखले. नोरका ही तिथली सरकारी यंत्रणा जर्मन सरकारी संस्थांच्या सोबतीने परिचारिकांना इथेच बी-१पर्यंत जर्मन शिकवून पाठवते.

आपल्याकडे मात्र ज्यांना गुण हवेत त्यांना शाळेत जर्मन मिळते. ज्यांना तिच्यावर पोट भरायचे आहे, ती आयटीआयची आणि नर्सिंगची मुले बहुतेक मराठी माध्यमातली, तालुक्याच्या गावची. त्यांच्या शाळेत हा पर्यायच नसतो. विशीत, डोक्यावर कर्ज आणि घरची घाई असताना, त्यांनी काही महिन्यांत भाषा गिळावी अशी अपेक्षा ठेवली जाते.

केंद्रीय विद्यालयांचा अनुभवही विसरण्यासारखा नाही. गोएथे संस्थेशी २०११मध्ये झालेल्या करारानंतर तिथे सहावी ते आठवीला तृतीय भाषा म्हणून जर्मन आली. २०१४च्या ऑक्टोबरात, सत्र निम्मे सरल्यावर, ती काढून संस्कृत आणण्याचा निर्णय झाला. सुमारे ७० हजार मुले अडकली, अँगेला मर्केल यांनी ब्रिस्बेनच्या जी-२० बैठकीत मोदींकडे विषय काढला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्या वर्षी संस्कृतची परीक्षा घेणार नाही असे सरकारला सांगावे लागले. वाद रंगला तो संस्कृत विरुद्ध जर्मन असा. आठवीनंतर तृतीय भाषाच उरत नव्हती, मग तीन वर्षांच्या जर्मनचे पुढे काय करायचे, याची फारशी कोणी विचारपूस केली नाही.

या सगळ्यात मराठीचे काय, असे विचारणाऱ्यांचा मुद्दा रास्त आहे. २०२०च्या कायद्याने दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. अकरावीत मात्र ती सोडून परदेशी भाषा घेता येते आणि शहरांतली मुले बिनदिक्कत घेतात. पण ती फ्रेंच नाटककार मोलिएरच्या प्रेमापोटी मराठी सोडत नाहीत. टक्केवारीसाठी सोडतात, आणि त्याच टक्केवारीसाठी ती भाषेऐवजी आयटी विषयही घेतात. परदेशी भाषेच्या पेपरात खरोखर ऐकावे-बोलावे लागले, तर ही गुणांसाठीची गर्दी आपोआप ओसरेल.

म्हणून तोंडी परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने घ्यावी आणि श्रवणाला स्वतंत्र गुण ठेवावेत. प्रत्येक जिल्ह्यात निदान एका सरकारी मराठी शाळेत आठवीपासून जर्मन सुरू करावी. शिक्षक कुठून आणायचे, हे विचारले जाईलच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवनातून जर्मन शिकलेली मुले-मुली दरवर्षी बाहेर पडतात. त्यांतली अनेक जण आयटी कंपन्यांत जातात, कारण तिथे भाषेचे पैसे मिळतात आणि शाळेत तासिकेचे मानधन. परभणी किंवा धाराशिवला पूर्ण पगाराची जागा निघाली, तर त्यांतले काही जण अर्ज करतील.