घटातील पान, पेटीतील कागद

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना लागणारे पापनाशम राजधानीतील वाचकांना आठवत असेल, तर ते जी. के. मूपनार यांच्यामुळे. याच परिसरातील या नेत्याने १९९६ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडून तमिळ मानिल काँग्रेसची स्थापना केली होती. आज हे गाव आठवण्याचे कारण मात्र निराळे आहे. पापनाशम ही नगरपंचायत असल्याने २०२२ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत तेथील मतदारांनी यंत्राचे बटण दाबले. भोवतालच्या खेड्यांत मात्र २०१९ च्या डिसेंबरातील ग्रामीण स्थानिक निवडणुका मतपत्रिकांवर झाल्या. चार पदांसाठी चार मतपत्रिका, शिक्का, घड्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लांबलेली मोजणी, असा तो जुना सोहळा होता. एकाच तालुक्यात दोन्ही पद्धती नांदत असताना ‘कागदच बरा’ ही भावना केवळ स्मरणरंजन म्हणून झटकून टाकता येत नाही.

ही भावना महाराष्ट्रालाही परकी नाही. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर माळशिरस मतदारसंघातील मारकडवाडी या गावाने मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घेण्याचे ठरविले. त्या मतदारसंघात राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तम जानकर विजयी झाले होते. तरीही आपल्या गावातील आकडे जानकर समर्थकांना पटत नव्हते. ३ डिसेंबरला प्रशासनाने जमावबंदी लागू करून तो प्रयोग होऊ दिला नाही. अशा मतदानाला कायद्याचा आधार नव्हता, ही प्रशासनाची बाजू खरी. पण बंदोबस्ताने मतदान थांबविता येते, शंका थांबविता येत नाही, हेही तितकेच खरे.

मतपत्रिकेचा काळ आठवताना त्याची दुसरी बाजू विसरण्याचे कारण नाही. केंद्रे बळकावून शिक्क्यांचा पाऊस पाडण्याचे प्रकार कागदाच्याच काळातले. यंत्रात मिनिटाला चारच मते नोंदविता येतात. तमिळनाडूतीलच मोडकुरिची मतदारसंघात १९९६ मध्ये १,०३३ उमेदवार उभे राहिले आणि मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली. यंत्रांचा प्रवासही एकाएकी झालेला नाही. केरळातील परूर येथे १९८२ मध्ये ५० केंद्रांवर ती प्रथम वापरली गेली. कायद्याचा आधार नसल्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरविले आणि कागदावरील फेरमतदानात निकाल फिरला. १९९८ मध्ये दिल्लीसह तीन राज्यांतील १६ मतदारसंघांत, २००१ मध्ये संपूर्ण तमिळनाडूत आणि २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ जागांसाठी यंत्रे आली.

मग अस्वस्थता कशाची? तिचे उत्तर चोळांच्या या प्रदेशाजवळच कोरलेले आहे. कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तरमेरूर येथे पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, म्हणजे दहाव्या शतकाच्या आरंभीचे शिलालेख आहेत. नव्या संसद भवनाच्या भूमिपूजनात, १० डिसेंबर २०२० रोजी, पंतप्रधानांनी त्यांचा उल्लेख केला होता. ‘कुडवोलै’, म्हणजे घट आणि पान, अशी ती पद्धत. ताडपत्रांवर नावे लिहून ती घटात टाकली जात आणि चिठ्ठी काढून समित्यांचे सदस्य ठरत. ही निवडणूक नव्हे, सोडत होती. जमीन, वय आणि विद्या यांच्या अटी असल्याने बहुसंख्य गावकरी तिच्याबाहेरच होते. तिला आधुनिक लोकशाहीचे मूळ म्हणणे हा अतिउत्साह ठरेल. पण त्या लेखातील एक तपशील मोलाचा आहे. घट सर्वांना दिसेल असा उचलून धरायचा, पान एका अजाण मुलाने काढायचे, ते घेणाऱ्याने पाचही बोटे पसरून तळहातावर घ्यायचे आणि नाव मोठ्याने वाचायचे. हे सारे भरसभेत, सर्वांच्या देखत! विश्वास ताडपत्रावर नव्हता, उघडपणावर होता.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये हाच निकष लावला. मतदान व मोजणीचे महत्त्वाचे टप्पे नागरिकाला तांत्रिक ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत, असे सांगून त्याने तेथील मतदानयंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली. मात्र पराभूत उमेदवारांना ठरावीक यंत्रांच्या तपासणीचा मार्ग त्याच निकालाने खुला केला. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते. मोजणीत मात्र प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या पडताळल्या जातात. त्यातच २०२४ च्या डिसेंबरात नियम बदलून मतदान केंद्रांच्या चित्रीकरणासारख्या नोंदी जनतेच्या पाहणीतून वगळण्यात आल्या. मतदारांच्या खासगीपणाचे आणि गैरवापराचे कारण त्यासाठी पुढे करण्यात आले. ते खरे मानले, तरी संशय वाढत असताना दार अधिक लोटून घेणे हे शहाणपणाचे नव्हते.

याची किंमत स्थलांतरितांनी मोजली आहे. परगावी राहणाऱ्यांना तेथूनच आपल्या गावासाठी मत देता यावे म्हणून आयोगाने २०२२ च्या डिसेंबरअखेर दूरस्थ मतदानयंत्राचा आराखडा जाहीर केला; एका यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळता येणार होते. १६ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीत प्रात्यक्षिक ठरले, पण विरोधी पक्षांनी शंकांची सरबत्ती केली आणि विषय तेथेच अडला. दिल्लीत राहून सांगली-साताऱ्याच्या मतदारयादीत नाव असलेल्यास कागदाकडे परतल्याने काही मिळणार नाही. त्याला नवे यंत्रच हवे आहे, आणि ते अविश्वासामुळे मिळत नाही.

तेव्हा वाद कागद की यंत्र असा मांडणे दोन्ही बाजूंच्या सोयीचे असले, तरी दिशाभूल करणारे आहे. चिठ्ठ्यांची पडताळणी वाढवावी, केंद्रनिहाय मतदानाचे आकडे त्याच दिवशी सर्वांसमोर ठेवावेत, तक्रारदाराला बंदोबस्ताऐवजी आकड्यांनी उत्तर द्यावे. यातील कशालाही यंत्र बदलावे लागत नाही. निवडणुकीच्या कामाला जुंपल्या जाणाऱ्या अधिकाऱ्यांना हे वाढीव ओझे वाटेल. पण मारकडवाडीसारख्या गावांतून संशय घराघरांत पोहोचल्यावर येणारे ओझे त्याहून जड असते.