परिचारिकेला बोली हवी आणि अधिकारही

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीवर शस्त्रक्रियेचा निर्णय पुष्कळदा केवळ रुग्णालयात होत नाही. घरातले वडीलधारे ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात, कौल घेतात आणि मगच संमतीपत्रावर सही होते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांवर पोसलेल्या वैद्यकशिक्षणाने या रीतीचा एक तर उपहास केला, नाही तर तिची दखलच घेतली नाही. मग आप्तेष्ट मनातले बोलत नाहीत आणि मोलाचा वेळ निघून जातो.

फुरसे चावलेल्या रुग्णाचेच उदाहरण घ्यावे. या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची. रक्त गोठले नाही तर प्रतिविष द्यावयाचे. ही चाचणी परिचारिका खाटेपाशीच करू शकते. परंतु दंश केव्हा झाला, आधी कोणता पाला लावला, मांत्रिकाकडे किती वेळ गेला, हे घरच्यांनीच सांगावे लागते. दटावणारीला ते कळत नाही. ‘गाऱ्हाणा घाला, पण सुई आताच घेवा’ असे मालवणीत समजावणारीला कळते. श्रद्धेचा अवमान नाही आणि अंधश्रद्धेपुढे शरणागतीही नाही, असा हा विवेक आहे. ख्रिस्ती वा मुसलमान रुग्णाच्या खाटेपाशीही तो तितकाच आवश्यक आहे.

मात्र बोली आली तरी अधिकार नसेल तर उपयोग काय? डॉक्टर फेरीपुरते येतात. पाळीभर रुग्णापाशी असते ती परिचारिका. रुग्णाला बांबोळीला हलविण्याची वेळ आली, हे प्रथम तिच्याच ध्यानी येते. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही पदांची उतरंड केवळ नोंदवह्या सांभाळण्यासाठी नसावी. कोणत्या लक्षणांवर तिने स्वतःहून पाऊल उचलावे, हे लेखी ठरले पाहिजे. बाहेरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या भगिनींना रुजू होतानाच मालवणी बोलीची आणि लोकरीतींची ओळख करून दिली पाहिजे. सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हा पायंडा तेथूनच पडावा.

१९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. परिचर्या हलकी मानली जात होती, त्या काळात रमाबाई रानडे यांनी तेथून स्त्रियांसाठी या शिक्षणाची वाट मोकळी केली. त्या कार्याने परिचारिकेला प्रतिष्ठा दिली. तिला निर्णयाचा अधिकार देणे, हे आजच्या समाजाचे उरलेले कर्तव्य आहे.