आईच्या खोलीत कॉर्कची फरशी: माझा अनुभव आणि माझे मत

"डॉक्टर, आई दोनदा घसरून पडली. इंटिरिअरवाले म्हणतात, तिच्या खोलीत कॉर्कचं फ्लोअरिंग करून घ्या, मग पडली तरी हाड मोडणार नाही. करू का?"

हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला तीन वेगवेगळ्या रुग्णांच्या मुलांनी विचारला. मी स्वतः माझ्या आईच्या खोलीत अशी फरशी बसवून घेतली आहे, त्यामुळे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून हा लेख.

कॉर्क म्हणजे काय?

बाटलीचे बूच ज्याचे असते तेच हे कॉर्क. ही एका प्रकारच्या ओक झाडाची साल असते. पोर्तुगालमध्ये ती सर्वात जास्त निघते. झाड न तोडता साधारण दर नऊ वर्षांनी साल सोलून काढतात. आम्हा डॉक्टरांचे कॉर्कशी एक जुने नाते आहे. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्कचा पातळ काप पाहिला, त्यात त्याला छोट्या छोट्या खोल्या दिसल्या आणि त्यांना त्याने 'सेल' हे नाव दिले. आपण ज्यांना पेशी म्हणतो त्या हा शब्द घेऊन आल्या त्या अशा, बुचातून.

या बंद खोल्यांमध्ये हवा असते. म्हणून कॉर्क हलके असते, थोडे दबते आणि पायाला गार लागत नाही.

'फ्लोटिंग' म्हणजे ही फरशी खालच्या लादीला चिकटवत नाहीत. पट्ट्या एकमेकींत खटकन अडकवतात आणि सगळी फरशी एखाद्या चटईसारखी नुसती वर ठेवलेली असते. जुनी लादी फोडावी लागत नाही.

आमच्या घरी काय झाले

आई ८२ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी सकाळी बाई नुकतीच लादी पुसून गेली होती. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, त्यावर पाणी, आणि आई देवघराकडे निघालेली. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. हाड जुळले, पण आईच्या मनात भीती बसली ती बसलीच. ती भिंतीला धरून चालू लागली, मग चालणेच कमी झाले. म्हातारपणी पडण्याचे हे दुसरे नुकसान एक्स-रेमध्ये दिसत नाही. चालणे कमी झाले की पायांचे स्नायू झडतात, तोल आणखी जातो आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते.

तेव्हा मी कॉर्क बसवायचे ठरवले. काम दोन दिवसांत झाले. आईने पहिले पाऊल ठेवले आणि म्हणाली, "अरे, ही फरशी आहे की गादी?" मला फार बरे वाटले.

तिसऱ्या आठवड्यात आई त्याच खोलीच्या दारात अडखळली. हात भिंतीला लागला म्हणून वाचली. कारण साधे होते. नवी फरशी जुन्या लादीवर बसली, म्हणजे खोलीची जमीन सेंटिमीटरभर वर आली. दारात एक नवा उंबरठा तयार झाला, आणि तो मला दिसलाच नाही. तीस वर्षे रुग्णांना "घरात अडखळण्यासारखे काही ठेवू नका" असे सांगणारा मी! दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून तिथे उताराची रुंद पट्टी बसवली, तीही फरशीपेक्षा गडद रंगाची, म्हणजे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनाही दिसावी.

बसवायचीच असेल तर

- खालची जमीन कोरडी आणि सपाट हवी. तळमजल्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीजवळ हा खर्च करू नका. लादीवर आधी प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून घ्या.
- पट्ट्यांची खोकी दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवून मग काम सुरू करा. आपल्या पावसाळ्यात हे माल फुगतात, उन्हाळ्यात आकसतात.
- म्हणूनच चारही भिंतींच्या कडेला साधारण एक सेंटिमीटर फट सोडावी लागते. ती सोडली नाही, तर फरशी फुगल्यावर मधोमध उचलली जाते आणि पुन्हा अडखळण्याची जागा तयार होते. फट झाकणारी पट्टी भिंतीला ठोका, फरशीला नको.
- दाराची खालची कड तासावी लागेल का, आणि दारातला उतार कसा करणार, हे कामाआधी ठरवा.
- बाथरूममध्ये ही फरशी नको. बादलीभर पाणी ओतून पुसणेही बंद. घट्ट पिळलेले फडके पुरते. हे कामाच्या बाईला समजावून सांगा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात सांधे फुगतील.
- घरात दम्याचा रुग्ण असेल, तर कापाकापी चालू असताना त्याला त्या खोलीपासून लांब ठेवा, आणि नंतर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

हाड मोडायचे वाचते का?

विक्रेते जे सांगतात ते मला पटत नाही. या पट्टीत वरचा कॉर्कचा थर दोन-तीन मिलिमीटरचा असतो, खाली दाबलेल्या लाकडी भुशाची पाटी असते. हाडे ठिसूळ झालेली व्यक्ती कमरेवर पडली, तर एवढ्याशा मऊपणाचा किती आधार होणार? कॅनडात एका वृद्धांच्या निवासात खोल्यांच्या फरशीखाली यापेक्षा कितीतरी जाड, खास धक्का शोषणारा थर घालून चार वर्षे अभ्यास केला गेला. २०१९ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पडल्यामुळे होणाऱ्या गंभीर दुखापती त्याने कमी झाल्या नाहीत.

गुडघेदुखी जाते, हाही दावा तसाच. उभे राहायला बरे वाटते, हे खरे. पण झिजलेला सांधा फरशीने भरून येत नाही. आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी कॉर्कवरसुद्धा अनवाणी फिरू नये.

आधी हे करा

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचे आहे. यातले बरेच टाळता येते, आणि त्याला फार पैसा लागत नाही.

१. बाथरूममध्ये कमोडजवळ आणि नळाजवळ भिंतीत पक्के हँडल लावा. टॉवेलचा रॉड म्हणजे हँडल नव्हे.
२. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा.
३. सरकणारी पायपुसणी आणि सतरंज्या उचला.
४. लादी पुसल्यावर वाळेपर्यंत आजी-आजोबांना बसवून ठेवा.
५. घरात मागून पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल द्या.
६. सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाच्या, झोपेच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठल्यावर चक्कर येऊ शकते. गोळी मनाने बंद करू नका. उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायला सांगा.
७. डोळे तपासा, हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासायचे का, ते विचारा.
८. पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम रोज करून घ्या. मला विचाराल तर सर्वात मोठा फायदा याचाच.

आमच्या आईचे चालणे सुधारले, पण ते कॉर्कमुळे असे मी म्हणणार नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम ती रोज खुर्चीला धरून करते, ते त्या मऊ, उबदार फरशीवर तिला आवडते, एवढा कॉर्कचा वाटा नक्की आहे.

तेव्हा त्या तिघांनाही माझे उत्तर एकच होते. वरची आठ कामे झाली, आणि पैसे उरले, तर कॉर्क जरूर बसवा. पण उलट्या क्रमाने करू नका. आणि काम झाल्यावर सुताराला पैसे देण्याआधी दारात उभे राहून एकदा खाली बघा.