दुखत नाही, तरीही तपासणी करा

मुंब्रा-कौसा असो, कल्याण असो की डोंबिवली, आपल्या घरातील बाई दवाखान्यात जाते ती बहुधा मुलाच्या तापासाठी नाहीतर सासूच्या शुगरसाठी. स्वतःच्या छातीत गाठ हाताला लागली, तरी ‘दुखत तर नाही’ म्हणून गप्प बसते. पण स्तनाच्या कॅन्सरची सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही.

मशीनची तपासणी महाग, डॉक्टर पुरुष, त्यात हया, ही कारणे नेहमी पुढे येतात. ही अडचण दूर करणारा मार्ग शेजारच्या मुंबईतच सापडला आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून तिथल्या झोपडपट्ट्यांत दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातील निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केली, तीही मशीनविना, फक्त हाताने. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकर सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

तपासणारी बाईच असेल, तर हयेचा प्रश्न उरतो कुठे?

सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी सांगितली आहे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन ती हक्काने मागा. मोहल्ला कमिट्यांनी रक्तदान शिबिरांसारखी याचीही शिबिरे भरवावीत. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही घरोघर सांगावे, म्हणजे भीती कमी होईल. आणि पुरुषांनो, अम्मीला, बायकोला, बहिणीला तपासणीसाठी सोबत नेणे ही तुमचीच जबाबदारी आहे.